हरिहरची आडवी चावी

हरिहर गणोरकरचे वडील अमरावतीत भिक्षुकी करत. एका सकाळी तीन घरच्या पूजा आटोपून चौथ्या घरी जेवायला हजर, अशी त्यांची ख्याती होती. यजमानांची तक्रार नसे. उलट कोर्टात जायची घाई असलेले वकील मुद्दाम त्यांनाच बोलावत. हरिहरनं पोथी काही धरली नाही, पण घाई तेवढी वडलांकडून घेतली. मॅट्रिक झाल्यावर तो तारखात्यात लागला आणि अमरावतीच्या तारघरात अकोल्याच्या टेबलावर बसू लागला.

त्या काळी तार म्हणजे टिंब आणि रेघ यांचा खेळ होता. इकडे पितळी चावी दाबली की तिकडच्या टेबलावरचा साउंडर कट्ट-कडकट्ट वाजायचा, आणि तिकडचा माणूस नुसत्या कानानं अक्षरं ओळखून कागदावर उतरवायचा. दोन टोकांची दोन माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत, पण चेहरा कधी पाहिलेला नसे. हातावरून ओळख. कोणाची रेघ लांब, कोण अक्षर संपवून दम खातो, कोण शेवटचं टिंब गिळतो. हरिहर शेवटचं टिंब गिळायचा. पुढच्या शब्दावर उडी मारायची घाई, दुसरं काय!

सत्तावन्न सालचा कापसाचा हंगाम जोरात होता. सकाळपासून व्यापाऱ्यांचे मुनीम खिडकीशी दाटी करत. त्यातच वरूडकडच्या संत्रावाल्यांच्या तारा. दुपार झाली की हरिहरचं मनगट ठणकायला लागे. लढाईत सिग्नलचं काम केलेला एक माणूस बडनेरा स्टेशनावर त्याला भेटला होता. तो म्हणाला होता, "खाली-वर दाबून हात काहून मोडून घेता? आडवी चावी करा. इकडून तिकडं नुसती हलवायची."

हरिहरच्या डोक्यात ते बसलं. एका रविवारी राजापेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत तो पसारा मांडून बसला.

"तारा, तो मोडका पाट दे बरं."

"मोडका असला तरी पाहुणा आला की लागतो," त्याची बायको म्हणाली.

"पाहुण्याला सतरंजी घाल."

पाटाचा अर्धा तुकडा त्यानं करवतीनं कापला. श्रावण सायकलवाल्याकडून लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं आणलं होतं, त्याचे दात घासून गुळगुळीत केले. पात्याचं एक टोक दोन लोखंडी पट्ट्यांत आवळून पाटावर बसवलं. दुसरं टोक मोकळं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पितळी स्क्रू. पातं डावीकडं ढकललं की डाव्या स्क्रूला टेकणार, उजवीकडं ढकललं की उजव्या. कुठंही टेकलं तरी तारेत वीज जाणार. जुन्या चावीत प्रत्येक टिंबासाठी हात खाली नेऊन वर आणावा लागे. इथं जाताना एक टिंब, येताना दुसरं. ना मूठ, ना स्प्रिंग, ना झाकण. पातं, दोन स्क्रू आणि दोन तारा. संपलं.

पितळ ठिणगीनं काळं पडतं म्हणून स्क्रूंच्या टोकांना चांदी हवी होती. तारानं ट्रंकेतून आपल्या लहानपणच्या वाळ्याचा तुटका तुकडा काढून दिला.

"याचं काय करणार?"

"तुझं वाळं अमरावतीहून अकोल्याला धावणार," तो म्हणाला, आणि ती हसली.

मग जुळवणी सुरू झाली. फट जास्त ठेवली तर पातं आळशी, कमी ठेवली तर थरथरून एका टिंबाची तीन टिंबं. पोस्टकार्ड जाईल इतकी फट ठेवल्यावर ते नीट बोलायला लागलं. पातं लांब सुटलं की लवलवायचं, म्हणून मागं ओढून आखूड केलं. ज्या टोकाला बोटं लागणार तिथं चिंधी गुंडाळली. दिवसभर तो ते पातं हलवत होता. ताराला त्यातलं काही कळत नव्हतं, पण नवरा इतका खुशीत तिनं क्वचितच पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती चावी तारघरात नेली आणि जुन्या चावीच्या स्क्रूंना तिच्या तारा जोडल्या. तारमास्तर मोरोपंत निवृत्तीला आलेले, सज्जन, वादाला भिणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"खात्याची परवानगी आहे का रे याला?"

"पंत, हंगाम संपेपर्यंत चालू द्या. तारा तुंबणार नाहीत."

तारा तुंबल्या की वरून खरमरीत विचारणा यायच्या. मोरोपंतांनी चष्मा खाली केला. "मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कानानं टिपली. साध्या चावीनं तार देताना देणाऱ्याचा स्वतःचा साउंडर गप्प असे. मध्येच पलीकडच्यानं 'थांब' अशी खूण केली तर ती स्वच्छ ऐकू येई. या नव्या जोडणीत हरिहरचा स्वतःचा साउंडरही त्याच्या हाताबरोबर कडकडत होता.

"एवढं तेवढं बंद कर," पंत म्हणाले. "पलीकडचा काही म्हणाला तर कळायचं कसं?"

"कळतं, पंत. आणि आपला हात आपल्याला ऐकू आला की बरं वाटतं."

ते खरंच होतं. आपला हात ऐकायला त्याला फार बरं वाटायचं. कापसाचे भाव, गाठींचे आकडे, लग्नाच्या तारखा, आजारपणं, सगळं त्या पात्यावरून सुसाट निघायचं. बाजूच्या टेबलांवरची माणसं काम थांबवून त्याच्यामागं उभी राहायची. तार द्यायला आलेले मुनीमसुद्धा खिडकीतून डोकावायचे. "गणोरकर, लय तेज हात आहे बाप्पा!" हरिहर मान वर न करता ऐकायचा.

अकोल्याच्या टोकाला जो कोणी होता, त्याला मात्र हे झेपेना. थोडं गेलं की मध्येच खूण यायची, थांब. मग 'पुन्हा सांग'. हरिहर पुन्हा सांगायचा, तितक्याच वेगानं. पुन्हा थांब.

"अकोल्यात कोणी म्हातारा बसवला आहे वाटतं," तो मागं उभ्या असलेल्यांना म्हणायचा, आणि सगळे हसायचे. मग त्याचा खेळच झाला. थांब म्हटलं की थांबायचं नाही. आपल्या साउंडरच्या कडकडाटात ती खूण बुडून जायची, असं त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. पण ती बुडत नव्हती. कडकडाटातून ती बारीक, अडखळत, बरोबर ऐकू यायची. एका दुपारी तर तो एक लांबलचक तार देत होता आणि पलीकडचा माणूस ओळीनं खूण करत राहिला. थांब. थांब. थांब. हरिहर मागच्यांकडं वळून हसला आणि पातं आणखी जोरात हलवू लागला. शेवटी पलीकडची खूणच बंद पडली. तार संपल्यावर बऱ्याच वेळानं अकोल्याहून विचारणा आली, सगळी तार पुन्हा पाठवा.

अकोल्याच्या मार्गावर उशीर का होतो, अशी वरून चौकशी झाली. विभागाचे साहेब स्वतः अमरावतीला आले. मोरोपंत काही बोलायच्या आत हरिहरनं सांगून टाकलं, "साहेब, इकडून उशीर नाही. अकोल्याच्या माणसाला घेता येत नाही. रोज अडतो."

"खात्री आहे?"

"रोजचंच आहे, साहेब."

साहेब आले तेव्हा आडवी चावी ड्रॉवरमध्ये होती. ती तिथं कशी गेली हे हरिहरला आणि पंतांना माहीत होतं.

संक्रांतीच्या सुमाराला अकोल्याच्या टोकाचा हात बदलला, कोणी तात्पुरता माणूस तिथं बसला. आणि होळीच्या आत हरिहरच्या हातात बदलीचा हुकूम पडला. अकोल्याच्या तारघरात अमरावतीचं टेबल रिकामं झालं होतं, तिथं चांगल्या हाताचा माणूस हवा होता. लोकांनी अभिनंदन केलं. ताराला घेऊन तो अकोल्याला आला.

तिथं पहिल्याच दिवशी तो टेबलाशी बसला तेव्हा देवमन नावाचा जुना शिपाई पाण्याचा पेला ठेवत म्हणाला, "बाबू, साउंडरच्या जवय हात ठेवता काय तुमी?"

"का रे?"

"नाई, जानरावजी ठेवत. हे पाहा ना."

साउंडर ज्या लाकडी ठोकळ्यावर बसवला होता त्याच्या कडेचं पॉलिश एका जागी पार उडालं होतं. बोटं ठेवून ठेवून लाकूड तिथं तुळतुळीत झालं होतं.

"का ठेवत?"

देवमननं इकडंतिकडं पाहिलं. "आता गेले ते, सांगाले काय हरकत! जानराव खोडक्यांचे कान गेले होते. लहानपनापासून कान वाहे. अलीकडं तं काहीच आयकू येत नव्हतं. बोट लाकडावर ठेवत अन् हादऱ्यानं तार घेत. दोन वर्सं घेतली. एक चूक नाई. कोनाले पत्ताबी नव्हता, मले सोडून. मंग अमरावतीले कोनी एक आला म्हनते, असा ठोके की बोटाले काई समजेच ना. जानरावजी थांब म्हनत, तो थांबेच ना. सायबानं कानाची परीक्षा घेतली. झालं. घरी बसवलं."

हरिहर पाणी प्यायला. देवमन गेला. साउंडर वाजू लागला, अमरावतीच्या नव्या माणसानं तार सुरू केली होती. हरिहर लिहीत गेला. त्याचा डावा हात टेबलावर होता, त्या झिजलेल्या जागेपासून चार बोटं दूर. त्यानं तो मांडीवर घेतला.

पुढचे कित्येक दिवस असेच गेले. घरी ताट समोर आलं की जेवायचा, विचारलं की उत्तर द्यायचा. शेवटी तारानंच खोदून काढलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत त्यांचे कान गेलेत ते!"

"थांब म्हणत होते, ते तर माहीत होतं."

"मग जाऊन भेटा तरी," ती म्हणाली.

जानराव जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पलीकडं राहत. हरिहर पत्ता विचारत गेला तेव्हा त्यांची बायको सत्यभामा अंगणात गोवऱ्या रचत होती. तारघरातून आलो एवढंच त्यानं सांगितलं.

"ते गिरनीवर बसते आता, भाऊ. माया भावाची पिठाची गिरनी हाय. तिथी बरं पडते त्याहीले. तिथी सारेच भैरे!" असं म्हणून ती हसली, आणि मग पदरानं तोंड पुसून पुन्हा कामाला लागली.

गिरणीत पट्टा फडफडत होता. पिठाचा धुरळा हवेत, आणि बोललेलं कोणाचं कोणाला कळत नव्हतं. डबे घेऊन बाया ओळीनं बसल्या होत्या. पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशांचा एक उंच, काटक माणूस डबे वजनकाट्यावर चढवत होता. हरिहर त्याच्यापाशी जाऊन ओरडला, "जानरावजी, नमस्कार!"

त्यानं आपल्या कानाकडं बोट दाखवून हात हलवला.

हरिहरनं ठरवलेलं काहीच आता जमणार नव्हतं. काय करावं न कळून त्यानं, तारवाल्यालाच सुचेल असं, समोरच्याचं मनगट हातात घेतलं आणि बोटानं दाबून अक्षरं पाडली. टिंब म्हणजे हलका दाब, रेघ म्हणजे लांब. अक्षरं इंग्रजी, बोली मराठी. मी तारघरातला आहे. तुम्हाला भेटायला आलो.

जानरावांचा चेहरा उजळला. एवढा की हरिहरला खाली पाहावं लागलं. "अरे!" ते मोठ्यानं म्हणाले. "अरे, तारवाला! बोल, बोल! कित्येक दिवस झाले कोनी असं बोललं नाही. सांग, कोन कोन हाय तिकडं? देवमन बरा हाय?"

बरा आहे, हरिहरनं दाबलं. तुमची आठवण काढतो.

जानराव मान डोलावत होते. मग त्यांची मान थांबली. त्यांनी हरिहरच्या बोटाकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"अजून बोल."

हरिहरला कळलं. बोट काढून घ्यावं असं त्याला वाटलं, पण मनगट आता जानरावांनीच पुढं धरलं होतं. काय बोलू, त्यानं दाबलं.

"हे शेवटचं टिंब," जानराव म्हणाले. "हे खानारा एकच मानूस हाय या लायनीवर. तू अमरावतीचा."

हरिहरनं होकारार्थी मान हलवली.

जानरावांनी मनगट सोडवून घेतलं. बहिरी माणसं बोलतात तसे ते मोठ्यानं, एका सुरात बोलत होते, आणि गिरणीच्या आवाजावरही त्यांचा शब्द न शब्द सगळ्यांना ऐकू जात होता. "तुया हाताचा मले राग नाही. लय चांगला हात हाय तुवा. मी थांब म्हनत होतो. मले आयकू येत नव्हतं, तुले तं येत होतं ना? तुले तं आयकू येत होतं?"

हरिहरनं पुन्हा मान हलवली.

"मंग?"

बाया डब्यांवर हात ठेवून पाहत होत्या. हरिहर काहीतरी ओरडला, बहुधा 'चुकलं माझं' असंच, पण ते जानरावांना ऐकू जाणार नव्हतं आणि इतरांनाही गेलं नाही. जानराव पाठ फिरवून पुढचा डबा काट्यावर चढवू लागले.

त्या आठवड्यात हरिहर विभागाच्या साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. आडवी चावी, परवानगी नसताना केलेली जोडणी, थांबायची खूण ऐकून न थांबणं, सगळं त्यानं सांगितलं. जानराव खोडक्यांना परत घ्या, दोष माझा आहे, असं म्हणाला. साहेब शांतपणे ऐकत होते.

"त्यांना ऐकू येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग त्यांना मी टेबलावर कसा बसवू? तू सांगितलंस ते वेगळं आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल."

झालं ते असं. हरिहरला ठपका मिळाला आणि त्याची वरूडच्या लहानशा तारघरात बदली झाली. ती त्यानं आनंदानंच घेतली असती. पण चावी कोणाच्या डोळ्यांदेखत वापरली हा प्रश्नही निघालाच, आणि उभ्या नोकरीत ज्यांच्या नावावर डाग नव्हता त्या मोरोपंतांना निवृत्तीच्या उंबरठ्यावर लेखी ताकीद आली. हरिहर धावत अमरावतीला गेला. पंत ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"पंत, मला वाटलं नव्हतं तुमच्यापर्यंत येईल."

"तुला काय वाटलं होतं?" पंत म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "तुझ्या डोक्यावरचं ओझं तू उतरवलंस ना? मग ते कुठंतरी ठेवावं लागणारच. माझं डोकं जवळ होतं." अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "चहा घेऊन जा." पण चहा येईपर्यंत ते आत निघून गेले.

वरूडला संत्र्याच्या बागा, पेट्या ठोकणाऱ्यांचे हातोडे आणि मोठ्या शहरांचे भाव विचारणाऱ्या तारा. आडवी चावी हरिहरनं अकोल्यातच मोडून टाकली होती. आता तो साध्या चावीनं, हळू तार द्यायचा. इतकी हळू की पलीकडचे वैतागायचे. दर थोड्या शब्दांनी तो थांबे, कोणी काही म्हणतं का ते ऐके. पेटीवाले खिडकीतून ओरडत, "अहो मास्तर, संत्री सडून राहिली!"

पुढं मोरोपंत वारले. हरिहर दहाव्याला गेला आणि कोपऱ्यात बसून राहिला. घरी परत आल्यावर जेवला नाही. तेव्हा तारा, जी सहसा त्याला उलट बोलत नसे, ती म्हणाली, "एक सांगू? पूर्वी तुम्हाला वेगाचा तोरा होता. आता अपराधाचा आहे. त्या माणसाच्या घरी आज काय कमी-जास्त आहे, ते कधी विचारलंत का? नुसतं स्वतःला बोल लावत बसता."

ते त्याला लागलं. कारण ते खरं होतं. जानरावांची आठवण काढताना त्याच्या डोळ्यांपुढं जानराव कधी नसत. त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा असलेला स्वतःच असे.

त्यानंतर तो सवड मिळेल तेव्हा अकोल्याला जाऊ लागला. पहिल्यांदा जानरावांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या खेपेलाही तसंच. हरिहर बाकावर बसून राहायचा आणि मग उठून यायचा. एकदा गिरणीत गर्दी होती आणि ज्वारीचं पोतं एकट्याला हलत नव्हतं. जानराव त्याच्याकडं न पाहता म्हणाले, "त्या बाजूनं उचल." त्यानं उचललं. तेव्हापासून तो आला की सदरा काढून ठेवायचा आणि पोती उचलायचा. दोघांत बोलणं नव्हतं. जानराव हात पुढं करत नसत आणि हरिहरची मागायची छाती नव्हती.

सत्यभामा मात्र बोलायची. एकसष्ट-बासष्टच्या सुमाराला तिनं त्याला अंगणात थांबवलं. "भाऊ, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कानाचं आपरेशन करते म्हनते. जावई वाशीमले, माया भाऊ गिरनी सोडत नाई, अन् मले जाता येत नाही, म्हैस व्याले झाली. डाक्टर काई लिहून देत नाई, तो काय बोलला ते याहीले समजावन कोन? तुमी जासान काय?"

"त्यांना चालेल का, मावशी?"

"त्याहीनंच तुमचं नाव घेतलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाची भाषा समजते त्याहीले?"

हरिहर बडनेऱ्याला त्यांच्या गाडीत चढला. जानरावांनी धोतर-कोट घातला होता, डोक्याला टोपी होती. नागपूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. दवाखान्यात दिवसभर बसावं लागलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोन्ही कान दिव्यानं पाहिले, धातूचा चिमटा वाजवून डोक्याला टेकवला, पुन्हा पाहिलं, आणि मग हरिहरशी बोलले. आतली नस मेली आहे. ऑपरेशनाचा उपयोग नाही. फार वर्षांपूर्वी आले असते तर गोष्ट वेगळी.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्यावर जानरावांनी कोटाची बाही मागं सारली आणि मनगट पुढं केलं. त्या गिरणीतल्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"बोल."

हरिहरनं बोट ठेवलं. डॉक्टर म्हणतात, त्यानं दाबायला सुरुवात केली. एकेक अक्षर, शेवटच्या टिंबापर्यंत पुरं. आतली नस... जानरावांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. हरिहर थांबला. समोरून पट्ट्या बांधलेले रोगी जात होते, कुणीतरी पोराला रागावत होतं. जानराव भिंतीकडं पाहत राहिले. हरिहरचं बोट तिथंच टेकलेलं होतं, न दाबता. त्याला त्यांची नाडी लागत होती. मग जानरावांनी बोट खाली केलं.

"हं, सांग."

त्यानं उरलेलं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत गर्दी होती. वर्ध्याच्या पुढं जानराव अचानक बोलू लागले, त्यांच्या त्या एकसुरी मोठ्या आवाजात, आणि डब्यातली माणसं वळून पाहू लागली. "मीच सायबाले सांगाले पायजे होतं. कान गेले म्हून. नाई सांगतलं. दोन साल बोटावर काढले. देवमन म्हने एकबी चूक नाई. त्याले काय ठाव? एखांदा आकडा इकडचा तिकडं झाला असन. कोनाचा सौदा बुडाला असन. कोनाचा मानूस मेला अन् तार उशिरा भेटली असन. मले अजून वाटत रायते."

हरिहरच्या मनाला क्षणभर हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं हे ध्यानात येताच त्याची त्यालाच लाज वाटली. त्यांच्या चुकीनं आपली चूक कमी होते की काय? त्यानं जानरावांचं मनगट धरून दाबलं, तुम्ही थांब म्हणत होता, ते बरोबर होतं.

"ते तं होतंच," जानराव म्हणाले. "त्याची माफी मी देल्ली नाही. अन् मांगू नको. पन येत जाजो." आणि त्यांनी शेंगांची पुडी सोडून दोघांच्या मध्ये ठेवली.

बडनेऱ्याला उतरायचं सोडून हरिहर तसाच अकोल्यापर्यंत गेला. संध्याकाळ होत होती. सत्यभामा दारातच उभी होती. मागं गोठ्यात नवं पारडू धडपडत उभं राहत होतं.

"काय म्हने डाक्टर?" तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहून विचारलं.

जानरावांना शब्द ऐकू गेला नाही, पण प्रश्न कळला. ते चपला काढून न्हाणीकडं वळले. "यालेच इचार," ते म्हणाले. "हा नीट सांगीन."

हरिहर अंगणातल्या बाजेवर बसला. सत्यभामा समोर जमिनीवर टेकली. न्हाणीतून पाण्याचा आवाज येऊ लागला. त्यानं तिला डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं, काही न वगळता, आणि ती मध्ये काही म्हणते का म्हणून प्रत्येक वाक्यानंतर तिच्याकडं पाहिलं. सगळं ऐकून झाल्यावर ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चिकाच्या वड्या केल्या हायेत," ती म्हणाली. "खाऊन जा."